तिकांडं डोंगराला टेकलं की

टेलिस्कोपला डोळा लावल्यावर माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो, हे मी गेली सोळा-सतरा वर्षं ऐकत आलोय. लहान पोरं 'आईशप्पथ' म्हणतात. कॉलेजची पोरं 'भावा, नाद खुळा' म्हणतात आणि मागच्याला कोपरानं थोपवून परत एकदा बघून घेतात. बायका बऱ्याचदा काहीच बोलत नाहीत, बघतात, बाजूला होतात, चार पावलं जातात आणि मग सोबतच्या बाईचा हात धरून हळूच काहीतरी सांगतात. आणि शनी लावलेला असेल तर रांगेतला एखादा तरी टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडाशी वाकून बघून येतो, आत कुणी चित्र तर चिकटवलेलं नाही ना म्हणून. मला त्या माणसाचा कधी राग आला नाही, उलट तो खरा विद्यार्थी वाटतो, डोळ्याला दिसलं तरी खात्री करून घेणारा.

मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्सला होतो, २००८ ला बाहेर पडलो, आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. पन्हाळ्यावर विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. लोकांसाठी आकाशदर्शनाची रात्र असली की मी मदतीला जातो. मानधन वगैरे काही नाही आणि नकोही आहे. कानटोपी घालायची, थर्मासमध्ये चहा घ्यायचा, संध्याकाळी सहालाच पोचायचं आणि उजेड असताना सगळी जुळवाजुळव करून ठेवायची, कारण अंधारात एक स्क्रू हातातनं पडला की तो गवतात सापडत नाही. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद रबरबँडनं बांधायचा. डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो आणि कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारला की ती सगळी कमाई एका क्षणात जाते, लाल उजेडात मात्र ती टिकते. हे दर वेळी सगळ्यांना हात जोडून सांगावं लागतं आणि तरी रात्री दोन-तीन फ्लॅश उडतातच.

रांगेत माणूस वीस-पंचवीस मिनिटं उभा राहतो आणि त्याच्या वाट्याला आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, येतो जेमतेम अर्धा मिनिट. ह्यावर पूर्वी मला वाईट वाटायचं, इतकी लांबून माणसं येतात आणि आपण त्यांना अर्ध्या मिनिटात पुढं सरकवतो. पण त्या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट घडते जी पुस्तकानं होत नाही. आमच्या साध्या आठ इंची टेलिस्कोपला मोटर नाही, हातानं फिरवायचा आहे, त्यामुळं गुरु मधोमध आणून दिला की तो हळूहळू एका कडेला सरकायला लागतो आणि मिनिटाभरात बाहेर जातो. प्रत्येक जण म्हणतो, 'सर, हललं वाटतं माझ्या हातनं.' तुमच्या हातनं काही हललं नाही काका, ही पृथ्वी फिरतीय. असं म्हटलं की माणूस डोळा काढून एकदा जमिनीकडं बघतो. मी पाहिलंय हे कितीतरी वेळा, आधी जमिनीकडं बघतात, आभाळाकडं नंतर. पृथ्वी फिरते हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं, पण पायाखालची ही फिरते हे त्या मिनिटात कळतं.

शनीची गोष्ट जरा वेगळी आहे. शनी म्हटल्यावर आपल्याकडं मनात आधी साडेसाती येते. एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, रांगेत शेवटपर्यंत आल्या आणि आयपीसपाशी येऊन थांबल्या, म्हणाल्या मी नको, पोरीला दाखव. मी आग्रह केला नाही. नात बघून म्हणाली, 'आजी, लय बारका आहे गं, आणि मधनं रेघ आहे.' त्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला, शनीची कडी आपल्याकडं जवळजवळ कडेनं वळलेली होती, भाकरी डोळ्यासमोर आडवी धरल्यावर तिची नुसती कड दिसावी तशी. मार्चमध्ये तर पृथ्वी कड्यांच्या पातळीतनंच गेली, हे तेरा ते पंधरा वर्षांनी एकदा होतं. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशी म्हणजे साडेसात. हा हिशोब मी त्या आजींना सांगितला, त्यांनी तो बोटांवर मोजून बघितला, मग पदर सावरला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. कुणी त्यांना पुढं सरका म्हटलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, 'एवढ्या लांब बसलाय बिचारा.'

हे सगळं मी इतकी वर्षं बघत होतो, शेकडो माणसांना दाखवत होतो, आणि माझ्या वडलांना मी एकदाही तिथं नेलं नव्हतं. आण्णा भोगावतीच्या काठाला शेती करतात, पावणेदोन एकर ऊस आणि थोडं भात. आमचं गाव कोल्हापूरपासून तासाभराच्या आत आहे. नेता आलं नसतं असं काहीही नाही. मनात आलंच नाही एवढंच, आणि का आलं नाही ह्याचा विचार केला की जे उत्तर येतं ते मला बोचतं. मला वाटत होतं हा माझा विषय आहे. मी शिकलोय तो विषय. त्यात आण्णांचं काय.

खरं तर मला आभाळ पहिल्यांदा दाखवलं ते आण्णांनीच. १९९७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, मी सातवीत असेन, संध्याकाळी ते मला वस्तीवरच्या बांधावर घेऊन गेले आणि वायव्येकडं बोट करून म्हणाले, 'त्यो बग शेपटीचा.' तो हेल-बॉप धूमकेतू होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा नुसता झाडूचा फटकारा मारल्यासारखा पांढरा पट्टा दिसत होता, आणि आण्णा म्हणाले की हा गेले पंधरा-वीस दिवस रोज जागा बदलतोय, पाणी पाजायला आलं की बघतो मी. रोज. म्हणजे माणूस रोजची नोंद ठेवत होता, वहीशिवाय. आणि मी पुढं फिजिक्स शिकून मोठा झालो आणि हेच विसरलो.

आमच्याकडं उसाला पाणी पाजायचं म्हणजे लाईटच्या वेळापत्रकावर जगायचं. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आण्णा जेवून निघणार, खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी आणि कुदळ, आणि रात्रभर दारं मोडत, म्हणजे सरीच्या तोंडाशी घातलेली माती फोडत फिरणार, एक सरी भरली की तिचं दार बांधायचं आणि पुढचीचं फोडायचं. थंडीत पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. साप असतात, कुठं कुठं गवा येतो. ह्या कष्टात काही रम्य आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, रात्रीच्या लाईटीनं आमच्या भागातल्या माणसांच्या तब्येती खाल्ल्यात. पण त्या रात्रींत आण्णांच्या डोक्यावर काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

२५ जानेवारी २०२५, शनिवार. अमावस्या चार दिवसांवर, चंद्राचा त्रास नाही. संध्याकाळी एकाच वेळी शुक्र, शनी, गुरु आणि मंगळ चारही दिसत होते म्हणून पेपरात, मोबाईलवर सगळीकडं बातम्या होत्या आणि पन्हाळ्यावर गर्दी होणार हे ठरलेलंच होतं. आण्णा दवाखान्याच्या कामाला आमच्याकडं आलेले. माझी मुलगी म्हणाली आबांना पण घेऊन जाऊया की. मी म्हटलं थंडी असते, त्यांना त्रास होईल. त्यावर आण्णा म्हणाले, 'थंडीत म्या काय नवा हाय व्हय.' विषय संपला.

त्या रात्री पश्चिमेला शुक्र असा लखलखत होता की अर्धे लोक त्याला विमान समजत होते, त्याच्या जरा खाली शनी मंद पिवळा, गुरु जवळजवळ डोक्यावर, रोहिणीच्या शेजारी, आणि पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी तांबूस मंगळ. थंड वारं. खाली आग्नेयेला कोल्हापूरच्या दिव्यांचा भगवट धुरकट उजेड. आण्णा बाकीच्यांसारखे रांगेत उभे राहिले, मी त्यांना पुढं घ्यायला लागलो तर नको म्हणाले. त्यांचा नंबर आला तेव्हा टेलिस्कोपवर मी नव्हतो, एम.एस्सी.ची एक मुलगी होती. तिनं नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, आजोबा, हा गुरु, आणि शेजारी ओळीनं चार बारीक ठिपके दिसतात का, ते त्याचे चंद्र, गॅलिलिओनं ते १६१० च्या जानेवारीत पहिल्यांदा पाहिले. आण्णांनी बघितलं. चार मोजले. म्हणाले, 'बारीक हाय, पण सोच्छ हाय.' मग ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला आत्ता जो गुरु दिसतोय ना तो आत्ताचा नाही, सदतीस-अडतीस मिनिटांपूर्वीचा आहे, प्रकाशाला तिथनं इथं यायला तेवढा वेळ लागतो.

हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोललो असेन. त्यावर लोक 'अच्छा' म्हणतात, 'बाप रे' म्हणतात. आण्णा थांबले. म्हणाले, 'म्हंजे पाटाचं पाणीच की.'

ती मुलगी शहरातली, तिला कळलं नाही. आण्णांनी तिला समजावून सांगितलं, रांग खोळंबली तरी कुणी काही म्हटलं नाही, उलट मागची माणसं जवळ आली. मोटर सुरू केली म्हणून शेवटच्या सरीला लगेच पाणी येत नाही, पाऊण तास लागतो. आणि मोटर बंद पडली तरी शेवटाला उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही, त्याच्या पायाशी पाणी चालूच असतं, वाटेतलं पाणी संपलं की मग कळतं. 'तसं त्यो गुरु आत्ता इझला तरी आपल्याला अर्ध्या तासानं कळणार, न्हवं?' ती म्हणाली हो. 'आन् त्यो तारा लांबचा असला तर?' आणि त्यांनी मृगातल्या खालच्या पांढऱ्या ताऱ्याकडं बोट केलं, ज्याला आम्ही राजन्य म्हणतो. तो साडेआठशे प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. मी पुढं होऊन सांगितलं, आण्णा, तो उजेड निघाला तेव्हा ह्या पन्हाळ्याच्या आगंमागंचा काळ होता, हा गड बांधणारा शिलाहारांचा दुसरा भोज राजा बाराव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे गड बांधायच्या सुमाराला तिकडनं सोडलेलं पाणी आज आपल्या सरीला पोचलंय. आण्णा हसले. मग बराच वेळ त्या ताऱ्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.

प्रकाशाला वेळ लागतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते सुद्धा ह्याच गुरुच्या चंद्रांवरनं. १६७६ मध्ये ओले रोमर नावाच्या डॅनिश माणसाच्या लक्षात आलं की आयो ह्या चंद्राची ग्रहणं पृथ्वी गुरुपासून लांब जात असेल तेव्हा उशिरा होत जातात आणि जवळ येत असेल तेव्हा लवकर. चंद्र उशीर करत नव्हता, निरोप उशिरा पोचत होता. मी हे वर्गात दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो आणि दर वर्षी निम्म्या वर्गाच्या डोक्यावरनं जातं. यंदापासून पाट काढतो. शेवटच्या सरीला उभा असलेला माणूस पाटाच्या कडेनं मोटरीकडं चालत निघाला तर त्याला पाणी लवकर भेटणार, उलट्या दिशेनं गेला तर उशिरा. आमच्या कॉलेजला निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही, तीच मला सांगतात.

पण त्या रात्रीची खरी गोष्ट पुढंच आहे. रांगेतल्या एका पोरानं आण्णांना विचारलं, आजोबा तुम्हाला आणि कुठले तारे माहीत आहेत. आण्णांनी मान वर केली आणि मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे दाखवले. 'ह्ये तिकांडं. आमचं घड्याळ.'

तिकांडं हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि पुढं विसरलो होतो, खरं सांगायचं तर गावंढळ म्हणून सोडून दिला होता. मी त्यांना बेल्ट म्हणायचो. नंतर वाचताना सापडलं की ऐतरेय ब्राह्मणात मृगाची गोष्ट आहे, त्यात व्याधानं मृगाला मारलेल्या बाणाला 'इषुस्त्रिकाण्डा' म्हटलंय, तीन कांड्यांचा बाण. त्रिकांडाचं तिकांडं. हजारो वर्षं जुना शब्द आमच्या उसाच्या फडात जिवंत होता, आणि मी त्याच्या जागी बेल्ट आणून ठेवला.

आण्णा सांगत होते आणि आता त्यांच्याभोवती वीस-पंचवीस माणसं होती. तिकांडं बरोबर पूर्वेला उगवतं आणि बरोबर पश्चिमेला मावळतं, दिशा चुकली तर त्यावरनं लावायची. (हे अगदी खरं आहे, त्यातला वरचा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आभाळात धरलेल्या रेघेच्या, जेमतेम पाव-अर्धा अंश खाली आहे.) आत्ता पौषात ते दहाच्या आत माथ्यावर येतं. माथ्यावर आलं की पहिलं वाफं संपलेलं पाहिजे. ते पश्चिमेच्या डोंगराला टेकलं की साडेतीन, मग तास-दोन तासांत उरकायचं कारण पुढं लाईट कधीही जाणार. आणि मग ते वाक्य, जे ऐकून मी तिथंच खिशातनं मोबाईल काढून हिशोब करायला लागलो: 'पर ह्ये घड्याळ रोज थोडं म्होरं पळतंय. आठवड्याला अर्धा तास, पंधरवड्याला तास. तेवढं धरून चालायचं.'

तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही रोज जवळजवळ एक अंश पुढं जाते. चार गुणिले पंधरा, साठ. पंधरवड्याला बरोबर तास. मी हे नाक्षत्र दिन आणि सौर दिन अशा मथळ्याखाली शिकलो, त्यावर मला परीक्षेत आठ मार्कांचा प्रश्न आला होता. आण्णांना ते तीस वर्षं माहीत होतं.

मग उत्तरेला बोट गेलं. 'बाजलं अजून पुरतं आलेलं न्हाय. खुरं वर आल्यात, चोर खाली हायत.' सप्तर्षीचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे ती पळवून नेणारे चोर, आणि ते जन्मभर नेतायत पण पोचत नाहीत. खरंच त्या वेळी साडेनऊच्या सुमाराला चौकोन ईशान्येच्या धुरकटात वर आलेला आणि शेपटीचे तारे अजून डोंगराआड. माझी मुलगी टेलिस्कोपची रांग सोडून चोर कधी वर येतात बघायला कठड्याकडं जाऊन बसली. थंडीत. तिच्यामागं आणखी चार पोरं. कोल्हापुरातनं ध्रुव क्षितिजाच्या फक्त सतरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड-पावणेदोन मुठींएवढा वर दिसतो, त्यामुळं सप्तर्षी आपल्याकडं उगवतात आणि मावळतात, वर उत्तरेकडच्या देशांतल्यासारखे रात्रभर ध्रुवाभोवती फिरत बसत नाहीत. चोर वर येण्याची वाट बघायची मजा आपल्या अक्षांशावर आहे.

मी मृगातला तेजोमेघ लावला होता, तिकांड्याच्या खाली. तो सरळ बघितला तर नुसता धुरळा दिसतो, जरा कडेला नजर ठेवली की पंखासारखा उलगडतो, कारण अंधारात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर नसतात, कडेला असतात. हे समजावताना मला दर वेळी पाच मिनिटं जातात. आण्णांना सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, 'आरं रानात अंधारात कवाबी कडंनंच बगायचं असतंय.'

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट बदलली. आता टेलिस्कोपपाशी माणूस आला की मी आधी विचारतो, तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात, तुम्ही लहानपणी काय बघितलं होतं. पहिली काही सेकंद माणूस गडबडतो कारण त्याला वाटतं आपण इथं ऐकायला आलोय. मग सुरू होतं. एक धनगर मामा आले होते, त्यांनी अगस्त्याबद्दल अर्धा तास सांगितलं, दक्षिणेला खाली दिसणारा तो ठळक तारा, तो पहाटे दिसायला लागला की पाऊस ओसरायला लागतो आणि मेंढरं खाली न्यायचा विचार सुरू होतो. एका ताईंनी किरणोत्सवाचं विचारलं. अंबाबाईच्या देवळात ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर वर. त्या म्हणाल्या, लहानपणापासनं बघते पण वर्षातनं दोनदाच का? मी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं, सूर्य दक्षिणेकडं सरकताना नोव्हेंबरात एका ठरावीक जागी मावळतो, २१ डिसेंबरपर्यंत आणखी दक्षिणेला जातो, आणि परत फिरल्यावर फेब्रुवारीच्या तोंडाला पुन्हा त्याच जागी मावळतो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर एक्केचाळीस दिवस, तिथनं १ फेब्रुवारी बेचाळीस दिवस. त्यांनी बोटांनी महिने मोजले आणि डोळे पुसले. मला कळलं नाही का, आणि विचारलंही नाही. कोल्हापूरला आभाळाचं वेड नाही असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं, आख्खं गाव वर्षातनं दोनदा सूर्य कुठं मावळतो हे श्वास रोखून बघतं.

जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८ ला. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही देतो. ते २० मे २०२५ ला गेले तेव्हा मला सगळ्यात आधी ही पोस्टकार्डंच आठवली. विचारायला लावणारा माणूस. पन्हाळ्यावरच्या त्या रात्रीनंतर मला त्याची दुसरी बाजूही दिसायला लागली, की दाखवणाऱ्यानंसुद्धा विचारलं पाहिजे.

राग एका गोष्टीचा येतो तोही सांगतो. मी एका कॉलेजमध्ये टेलिस्कोप बघितलाय, चांगला सहा इंची, कपाटात कुलपात, आरशावर बुरशी. रजिस्टरवर नोंद आहे, खराब झाला तर जबाबदारी कोणाची म्हणून कुणी बाहेर काढत नाही. आणि एका गावात तर आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला पाहुण्यांच्या भाषणासाठी हॅलोजन लावले, भाषणं पाऊण तास चालली आणि नंतर ते बंद करायला कुणी मिळालं नाही. शंभर-दीडशे लोक शुक्र बघून घरी गेले.

अंधार आटत चाललाय. २०११ ते २०२२ मध्ये जगभरातल्या साध्या माणसांनी डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांवर नोंदींवरनं काढलेला निष्कर्ष आहे की रात्रीचं आभाळ वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे आज जन्मलेल्या पोराला २५० तारे दिसत असतील तर ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील. आभाळ तसं पूर्ण काळं कधीच नसतं, वर शंभरेक किलोमीटरवर ऑक्सिजनचे अणू अगदी मंद हिरवे चमकत असतात, त्याला एअरग्लो म्हणतात, आणि ह्याच मंद उजेडाचा अभ्यास कोल्हापुरातनं वर्षानुवर्षं झालाय. तो उजेड मोजायचा तर खालचा अंधार पाहिजे. नागपूरकडं पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, तोंडं खाली केली. दिव्याचं तोंड खाली करायला फार पैसे लागत नाहीत. आमच्या वस्तीवर आता हायमास्ट आलाय. आण्णांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, साप दिसतो म्हणाले, आणि ते खरं आहे, रात्री पाण्यात उभ्या माणसाला उजेड पाहिजेच. पण हायमास्टचा जो उजेड वर आभाळात जातो त्याचा सापावर एक थेंबही पडत नाही.

त्या रात्री खाली उतरताना आण्णा गाडीत पुढं बसले होते, मुलगी मागं झोपली. मी म्हटलं, आण्णा, मी इतकी वर्षं तुम्हाला आणलं नाही. ते काचेतनं बाहेर बघत होते. म्हणाले, 'आणलं न्हवं आज.' पुढं वाघबीळ येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात ते गावाला गेले. १ फेब्रुवारीच्या रात्री मोबाईल वाजला, मी दचकून उठलो, एवढ्या रात्री घरनं फोन म्हणजे काळजातनं कळ जाते. आण्णा होते. 'झोपला व्हतास व्हय? आत्ता तिकांडं डोंगराला टेकलंय बग. तुझ्यात किती वाजलं?'

मी डोळे चोळत बघितलं. तीन वाजून पाच.

'मागल्या शनवारी साडेतीन म्हटलं हुतं म्या,' ते म्हणाले, आणि मागनं सरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. 'ठेवतो. दार मोडायचंय.'